चीनमधली जुनी सरकारी विश्रामगृहं: तिथे चादरी मोजत होते का?

गोधनीवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा विचित्र आहे, पण घरात त्यावरून वाद पेटलाय.

माझे बाबा नागपुरातल्या एका सरकारी विश्रामगृहात शिपाई आहेत. हिवाळी अधिवेशन लागलं की बाबा घरी नसतात. तिकडेच जिन्याखाली सतरंजी टाकून झोपतात. आई डबा भरते, मी स्कूटीवरून नेऊन देते. परवा गेले तर बाबा व्हरांड्यात उकिडवे बसून चादरी मोजत होते. धोब्याकडे ४० गेल्या, परत आल्या ३८. तिसऱ्यांदा मोजल्या, तरी ३८च. डबा तसाच बाजूला.

मी म्हटलं, "बाबा, जेवा आधी." तर म्हणाले, "इंग्रज गेले, पण हे मोजणं आमच्या गळ्यात ठेवून गेले."

आता मी इतिहासात एमए करतेय, त्यामुळे तोंड गप्प बसेना. म्हटलं, हे इंग्रजांचं नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी सरकारी पाहुण्यांसाठी विश्रामगृहं होती, राजदूत उतरायचे, फुकट जेवायचे. बाबांनी ३९वी चादर शोधत असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "होती ना? मग तिथे चादरी मोजत होते का, तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. माझ्या पुस्तकात राजे आहेत, घराणी आहेत, शिपाई नाहीत. इथे कोणाला माहीत असेल तर सांगा. कोण उतरायचं, जेवायला काय, खर्च कोणाचा आणि मुख्य म्हणजे हिशोब कोण ठेवायचं? बाबांना मोबाइलवर वाचून दाखवणार आहे, म्हणून जरा सोप्या भाषेत.

रजिस्टरवाले काका:

बेटा, बाबांना सांग, कोंबड्या मोजत होते. आणि नुसत्या मोजत नव्हते. कोंबडी कोणाच्या ताटात गेली, तो किती वेळा जेवला आणि जेवून कोणत्या दिशेला गेला, इथपर्यंत लिहून ठेवत होते.

मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली. चंद्रपूर, वर्धा, भंडारा असं फिरत शेवटची नऊ वर्षं नागपुरात, खोल्यांच्या रजिस्टरवर. त्यामुळे मी जे सांगतो ते काउंटरच्या मागून बसून पाहिल्यासारखं सांगतो. निवृत्तीनंतर पोरानं टॅब घेऊन दिला आणि हा नाद लागला.

चीनच्या वायव्येला वाळवंटाच्या तोंडाशी तुन्हुआंग म्हणून गाव आहे. तिथून पूर्वेला साधारण ६० किलोमीटरवर शुआनछुआन नावाचं सरकारी ठाणं होतं, हान घराण्याच्या काळातलं. नावाचा अर्थ 'लटकता झरा'. मातीच्या भिंतीचा चौकोन, एकेक बाजू ५० मीटर. आत खोल्या, स्वयंपाकघर, तबेला. टपालाचे घोडे इथेच बदलायचे आणि साहेब लोकही इथेच उतरायचे. म्हणजे डाक आणि बंगला दोन्ही एकाच आवारात! १९९० ते १९९२ मध्ये तिथे खोदकाम झालं आणि कचऱ्याच्या ढिगातून लाकडाच्या पट्ट्या निघाल्या. नुसत्या लिहिलेल्या पट्ट्याच २३,०००च्या आसपास. तेव्हा सरकारी कामकाज लाकडाच्या नाहीतर बांबूच्या पट्टीवर चालायचं. पट्ट्या दोऱ्यानं ओवायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करायची. हवा कोरडी, म्हणून टिकल्या. आपल्याकडे असत्या तर दुसऱ्या पावसाळ्यातच वाळवीनं फडशा पाडला असता. २०१४ पासून ती जागा जागतिक वारशात आहे.

त्यातल्या एका गुंडाळीचं शीर्षकच 'कोंबड्यांचं आवक-जावक' असं आहे. मी मनानं मराठी केलेलं नाही, शब्दाला शब्द तेच. साल इसवीसनपूर्व ६२. नोंदी अशा: अमुक दूतासोबतचे पाहुणे, रात्री मुक्काम, दोन जेवणं, कोंबड्यांची एक जोडी खर्ची, पूर्वेला रवाना. दुसरी, कृषी-खजिना खात्याचा कारकून, जाता-येता चार जेवणं. आवक बाजूलाही तसंच. कोंबडी कोणाकडून आली, कोणत्या दिवशी आली, ठाण्याच्या वतीनं कोणी घेतली. देणारा आणि घेणारा, दोघांची नावं.

आता खरी गंमत. काही कोंबड्या वरच्या कचेरीकडून आलेल्या, आणि काही ठाण्यानं स्वतः पैसे घालून विकत घेतलेल्या. या विकत घेतलेल्यांची किंमत लिहून पुढे विनंती, की कचेरीनं ही रक्कम द्यावी. हे वाचलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो, बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. मीही एका अधिवेशनात पाहुणे वाढले म्हणून गल्लीतल्या किराणावाल्याकडून १६ किलो साखर उधारीवर उचलली होती. बिल पास होईपर्यंत होळी आली. तोवर तो किराणावाला मला बघितलं की 'साखरवाले साहेब' म्हणून हाक मारायचा.

तिथे डेडस्टॉकही होतं. इसवीसनपूर्व २३ सालची गाड्यांची यादी सापडली आहे. कोणत्या गाडीचं काय झिजलं, काय मोडलं, कोणती चालण्याजोगी आहे. घोड्यांची वेगळी यादी, रंग, वय, उंची आणि घोड्याचं नावसुद्धा! माझ्या रजिस्टरला पंख्यांना नुसते नंबर होते.

आणि दौरा कार्यक्रम. बाबांना हा शब्द बरोबर कळेल. एका पट्टीवर लिहिलंय, पश्चिमेकडच्या खोतान राज्याचा राजा आणि त्याच्याखालचे मिळून १,०७४ जण येत आहेत, अमुक दिवशी तिथून निघाले, चार दिवसांनी पुढच्या ठिकाणी पोचतील, तयारी ठेवा. एक हजार चौऱ्याहत्तर! मला एकदा ६० जणांचा निरोप रात्री अकराला आला होता तेव्हा ताप भरला होता.

खर्च सरकारचा, पण कोणीही यावं आणि जेवावं असं नव्हतं. हातात सरकारी परवाना लागायचा आणि ताट हुद्द्याप्रमाणे. हानच्याही आधी छिन घराण्याचे कायदे १९७५ मध्ये एका कारकुनाच्या थडग्यातून निघाले. तो माणूस कायद्याच्या पट्ट्या उशाशी, अंगाशी घेऊनच पुरला गेला होता. (आमच्यात असे दोन-तीन होते.) त्यात सरकारी कामावर निघालेल्याचं जेवण ठरवून दिलंय. साहेबाच्या माणसाला चांगलं सडलेलं धान्य अर्धा तोऊ, म्हणजे आपल्या हिशोबानं एक लिटरचं माप. सोबत आंबवलेली चटणी ठराविक माप, भाजीचा रस्सा, वर कांद्याची पात. त्याच्या बरोबरच्या माणसाला माप तेवढंच, पण धान्य जाडंभरडं. गाडीवानाला एक तृतीयांश तोऊ. साहेबाचं ताट, पीएचं ताट, ड्रायव्हरचं ताट. आमच्याकडे हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण खानसाम्याला पाठ होतं.

महालचा पोट्टा:

काकाजी, लय भारी सांगून राहिले तुम्ही. पण मुद्द्याचं बोला ना. खोलीवरून भांडणं होत होते का नाही? आमचा एक दोस्त अधिवेशनात गाड्यांच्या पासवर ड्युटी करते, तो सांगते का दोन पीए लोक एका सूटच्या चावीसाठी अर्धा तास एकमेकाच्या साहेबाचं खातं सांगत होते. चीनमधले लोक लय शिस्तीचे होते म्हणतात, त म्हटलं विचारून पाहावं.

आन दुसरं, आपल्या अशोकानं पण रस्त्यावर विहिरी, धर्मशाळा बांधल्याच होत्या ना? मग चीनचं काहून कौतुक?

रजिस्टरवाले काका:

पोट्ट्या, दुसरं आधी. अशोकाच्या स्तंभलेखात रस्त्याकाठच्या विहिरी, वडाची झाडं, विसाव्याच्या जागा आहेत, बरोबर. पण ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. मी सांगतोय ते हुद्दा बघून दार उघडणारं प्रकरण. दोन्हींची तुलना म्हणजे पाणपोईची तुलना व्हीआयपी सूटशी.

आता भांडण. घे, सन ८१०. थांग घराणं. युआन झन नावाचा मोठा कवी, नोकरीनं दरबाराचा तपासणी अधिकारी. राजधानीकडे परत चालला होता, वाटेत फूश्वै नावाच्या ठाण्यावर मुक्कामाला उतरला, मुख्य दालनात. रात्री राजवाड्यातले खोजे आले, बादशहाच्या आतल्या गोटातले. त्यांना तेच दालन पाहिजे. रिवाज असा होता की आधी आला त्याचं मुख्य दालन, नंतरच्यानं दुसरीकडे उतरावं. पण रिवाज दाखवणार कोणाला? त्यांनी दार फोडलं. कवी नुसत्या मोज्यांवर मागच्या बाजूला पळाला. एकानं पाठलाग करून त्याच्या तोंडावर चाबूक ओढला.

दरबारानं शिक्षा कोणाला केली असेल? कवीला! हुद्दा कमी करून लांब बदली. त्याचा मित्र बाय जुई, तोही कवीच, त्यानं अर्जावर अर्ज लिहिले, काही उपयोग झाला नाही.

मला या गोष्टीत कवीपेक्षा त्या ठाण्याचा माणूस दिसतो. त्यानं कवीला दालन दिलं ते नियमानं दिलं. मग दार फुटलं. दुसऱ्या दिवशी कवी गेला, खोजे गेले, आणि हा फुटलेल्या दारासमोर उभा. सुतार कोण आणणार, कोणत्या खर्चात टाकणार?

अजून एक जुनं प्रकरण, यात मात्र पाहुणा जिंकला. इसवीसनपूर्व ५४२. जंग नावाच्या छोट्या राज्याचा राजा मोठ्या जिन राज्यात नजराणा घेऊन गेला, सोबत त्याचा मंत्री त्झछान. जिनचा राजा भेटच देईना, लू नावाच्या राज्यात राजा वारला म्हणून सुतकाचं कारण. पाहुण्यांना उतरवलं अशा ठिकाणी की फाटकातून गाडी आत जाईना. त्झछाननं काय करावं? विश्रामगृहाची कुंपणभिंत पाडायला लावली आणि गाड्या-घोडे आत घेतले.

जिनचा अधिकारी धावत आला, आम्ही चोराचिलटांपासून पाहुण्यांच्या रक्षणासाठी भिंती जाड केल्या आणि तुम्ही पाडता? त्यावर त्झछाननं जे सुनावलं ते सगळ्या बांधकाम खात्यांत फ्रेम करून लावावं असं आहे. म्हणाला, तुमचा वन नावाचा पूर्वीचा राजा स्वतः बुटक्या घरात राहायचा, पण पाहुण्यांचं घर त्यानं राजाच्या शयनगृहासारखं ठेवलं होतं. रस्ते वेळेवर सपाट व्हायचे, गवंडी वेळेवर भिंती सारवायचे, पाहुणा आला की अंगणात मशाली, रात्रीचा पहारा, गाड्यांना जागा, चाकाच्या आसाला वंगण घालायलासुद्धा माणूस. आता राजवाडा कोसभर पसरलाय आणि पाहुणे गुलामांच्या खोल्यांत. नजराणा आत देता येत नाही आणि उघड्यावर ठेवला तर ऊन-दवानं सडेल, मग दोष पुन्हा आमचाच.

जिनच्या मंत्र्यानं चूक कबूल केली. राजानं भेट दिली, जास्तीचा मान दिला आणि पाहुण्यांसाठी नवं घर बांधलं. नवं बांधायला भिंत पडावीच लागते, हे आमच्या डेप्युटी साहेबांचंही मत होतं. अंदाजपत्रक मंजूर होत नसलं की ते म्हणायचे, "एखादा स्लॅब पडू द्या."

कामठीकर:

इथे एक भर घालतो. आपल्या नागपूरशी जवळची आहे.

हान दरबारात परदेशी पाहुण्यांची बडदास्त ठेवणारं एक खातं होतं, त्याला पुढे होंगलू-स म्हणायचे. यातला 'स' म्हणजे सरकारी कचेरी. आता चीनमधल्या बौद्ध विहारांची नावं बघा, बहुतेकांच्या शेवटी 'स' येतो. शाओलिन-स. ल्वोयांग या जुन्या राजधानीतलं पहिलं विहार मानतात ते बायमा-स, म्हणजे पांढऱ्या घोड्याचं विहार.

कचेरीचा शब्द विहाराला कसा लागला? चिनी परंपरा सांगते की इसवीसन ६७-६८च्या सुमारास भारतातून काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून ल्वोयांगला गेले, तेव्हा बादशहानं त्यांना आधी याच पाहुण्यांच्या खात्यात उतरवलं. पुढे त्यांच्यासाठी वेगळी वास्तू बांधली, तिला शब्द तोच राहिला. परंपरा आहे, शिलालेख नाही, हे कबूल. पण दरवर्षी दीक्षाभूमीवर चीन, जपान, थायलंडकडून आलेले भन्ते बघतो तेव्हा मला हे आठवतं. आपले दोन भिक्खू तिकडे सरकारी गेस्ट हाउसला उतरले आणि गेस्ट हाउसचं नाव धम्माला देऊन गेले.

आणखी एक. त्याच ल्वोयांगमध्ये पुढे सहाव्या शतकात, उत्तरेच्या वै घराण्याची राजधानी असताना, चार दिशांच्या लोकांसाठी चार वेगळी अतिथिगृहं होती. दक्षिणेकडून आलेल्याला एका घरात, उत्तरेकडच्याला दुसऱ्या. तिथे तीन वर्षं काढली की मग शहरात ठरलेल्या वस्तीत घर मिळायचं. आमच्या मोठ्या बाबांना क्वार्टर मिळायला अकरा वर्षं लागली.

रामदासपेठच्या बाई:

मी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. मुलांना एक गोष्ट दर वर्षी सांगायचे ती इथे चपखल बसते. तुमच्यातल्या ज्यांना दिल्लीच्या महाराष्ट्र सदनात खोलीसाठी ताटकळावं लागलं असेल त्यांनी जरूर वाचा.

हानच्या राजधानीत प्रत्येक प्रांताचं स्वतःचं निवासस्थान असायचं, प्रांतातून कामाला आलेले अधिकारी तिथे उतरायचे. वू बादशहाच्या काळात जू माइछन नावाचा माणूस होता. पूर्वी लाकडं तोडून विकायचा, खांद्यावर मोळी आणि तोंडानं पाठांतर. बायको लाजून सोडून गेली. पुढे त्याला नोकरी लागली, ती सुटली, आणि तो राजधानीत आपल्या क्वायजी प्रांताच्या निवासात तिथल्या रखवालदाराच्या ताटात जेवून दिवस काढू लागला.

मग बादशहानं त्याला त्याच क्वायजीचा सुभेदार नेमलं. या गृहस्थानं काय केलं? नवा पोशाख बाजूला ठेवला. जुनेच कपडे घातले, सुभेदारीचा शिक्का कपड्यात लपवला आणि पायी निवासात शिरला. क्वायजीहून आलेले कारकून दारू पीत बसले होते, कोणी मान वर करून पाहिलं नाही. हा सरळ आत गेला आणि रखवालदाराबरोबर जेवायला बसला. पोटभर जेवण होत आलं तेव्हा हळूच शिक्क्याच्या फितीचं टोक बाहेर येऊ दिलं. रखवालदाराला नवल वाटलं, त्यानं फीत ओढली तर हातात सुभेदाराचा शिक्का!

तो बाहेर पळत सुटला, सगळ्यांना सांगू लागला. कारकून झिंगलेले, म्हणाले, थापा आहेत. त्यांच्यातला एक, जो आधी जू माइछनला हिणवायचा, तो आत बघायला गेला आणि ओरडतच बाहेर आला, "खरं आहे!" मग काय धावपळ. एकमेकांना ढकलत रांग लावून अंगणात मुजरा.

माझ्या वर्गात पोरांना शिक्का आवडायचा. मला मात्र त्याचं आधी रखवालदाराबरोबर जेवणं आवडतं.

रजिस्टरवाले काका:

बाई, दंडवत. ही गोष्ट मला माहीत होती, पण रखवालदाराच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं आणि ते जायला पाहिजे होतं.

गोधनीवाल्या बेटा, बाबांसाठी अजून एक, आणि हे त्यांना सावकाश वाचून दाखव. मी हे वाचलं त्या रात्री झोपलो नाही.

नवव्या शतकात सुन छिआव नावाचा लेखक राजधानीकडून सिचुआनकडे जाणाऱ्या डोंगरी वाटेवर पाओछंग नावाच्या ठाण्यावर उतरला. ऐकून होता की हे देशातलं एक नंबरचं विश्रामगृह. बघतो तर काय, तळं उथळ आणि गढूळ, होडी फुटलेली, अंगणात गवत माजलेलं, दालनाची रया गेलेली. त्यानं तिथल्या नोकराला विचारलं, हे असं कसं झालं?

नोकर म्हणाला, पूर्वी इथल्या एका बड्या अधिकाऱ्यानं हौसेनं बांधलं होतं. पण वर्षाला पाहुण्यांच्या काही शे टोळ्या येतात. संध्याकाळी आले, सकाळी गेले. रात्रीला छप्पर मिळालं, भुकेला अन्न मिळालं की झालं, जपायचं कोणाला पडलंय? होडीत बसले तर वल्ही मोडेपर्यंत. मासे धरायला लागले तर तळं आटेपर्यंत. घोड्यांना चारा व्हरांड्यात. शिकारीचे ससाणे बैठकीच्या दालनात. छोटा साहेब असला तर थोडा तरी आवर घालता येतो, मोठा असला तर त्याच्या माणसांना बोलायची सोय नाही. आम्ही आठ-नऊ जण वाढप-राबप सांभाळून फावल्या वेळात डागडुजी करतो, पण शेकडो माणसांनी मोडलेलं आठ-नऊ हातांनी कितीसं भरून येणार?

बाबांना विचार, ही मुलाखत कुठे घेतली असं वाटतं?

तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक म्हातारा शेतकरी हसला आणि म्हणाला, आता सगळे जिल्हे नि तालुकेसुद्धा विश्रामगृहंच झालेत. अधिकारी तीन वर्षांत बदलतात, कधी त्याहून लवकर. आल्या दिवसापासून जायचे दिवस मोजतात.

मी ३१ वर्षांत किती साहेब पाहिले ते मोजले नाहीत. पण चार्ज देणं-घेणं ११ वेळा झालं, ते मोजलंय. एका ठिकाणी आधीच्यानं मला 'सगळं बरोबर आहे' म्हणून किल्ल्या दिल्या, मी भिडेखातर न मोजता सही केली. पुढच्या तपासणीत १४ ब्लँकेट कमी. वसुली माझ्या पगारातून, सात महिने. घरी सांगितलं नाही, एलआयसीचा हप्ता वाढला म्हणालो. छिनच्या त्या थडग्यातल्या कायद्यातही साठा मोजणीत कमी भरला तर किती किमतीला किती दंड हे पायरीपायरीनं लिहिलंय. ते कलम मी दोनदा वाचलं. म्हणून म्हणतो, बाबा तिसऱ्यांदा मोजत होते ना, बरोबर करत होते. जेवण थंड झालं तरी.

महालचा पोट्टा:

काकाजी, १४ ब्लँकेटवर इमोशनल केलं बावा तुम्ही. आन ते तक्रारीचं पुस्तक होतं का तिथं? पाहुण्यानं लिहायचं?

रजिस्टरवाले काका:

पुस्तक नव्हतं, पण तक्रार पोचायची. त्याच शुआनछुआनच्या पट्ट्यांत इसवीसनपूर्व ३९ सालचं प्रकरण आहे. मध्य आशियातल्या कांगजू राज्याचे दूत नजराण्याचे उंट घेऊन आले. त्यांची तक्रार अशी, की पूर्वी येताना सरहद्दीच्या ठाण्यापासून जेवण मिळायचं, या वेळी मिळालं नाही, पदरचं खाल्लं. आणि वाटेतल्या जिउछुआन प्रांताच्या अधिकाऱ्यांनी आमच्या उंटांची किंमत आम्हाला न बोलावता परस्पर केली. उंट धष्टपुष्ट तर नोंद 'रोड' अशी, उंट पांढरा तर नोंद 'पिवळा'. राजधानीतून विचारणा झाली, खालपर्यंत पत्रं फिरली. दोन हजार वर्षांपूर्वी एका उंटाच्या रंगासाठी खुलासा मागवला होता, आणि तो कागद, म्हणजे ती पट्टी, कचऱ्यात पडून आपल्यापर्यंत आली.

आणि ज्या रस्त्यावर हे उंट, त्याच रस्त्यावरून ५१ सालात, इसवीसनपूर्वच, जेयोऊ नावाची हान राजकन्या माहेरी परतली. तरुण असताना तिला वुसुन नावाच्या भटक्या लोकांच्या राजाकडे परमुलखात दिली होती. पन्नास वर्षांनी, सत्तरीला आलेली, नातवंडांना घेऊन परत निघाली. ती आल्याची नोंद कशी असेल? वाटेतल्या ठाण्यांनी राजकन्येला आणि सोबतच्यांना गाड्या-घोडे पुरवावेत, इतकीच. रडू, मिठ्या काही नाही. आवक-जावकला तेवढंच लागतं.

गोधनीवाली:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल डबा घेऊन गेले तेव्हा बाबांना सगळं वाचून दाखवलं. ड्युटी बदलायच्या वेळी जिन्यावरच बसलो होतो, धोबीसुद्धा ऐकत उभा राहिला. व्हरांड्यात घोडे बांधायचे तिथे आल्यावर बाबा म्हणाले, "थांब." आणि उठून पार्किंगमध्ये गेले. पाच मिनिटांनी आले ते खाकेत दोन चादरी घेऊन. एका साहेबांच्या ड्रायव्हरनं थंडी म्हणून गाडीच्या सीटवर अंथरल्या होत्या. एकीवर तर्रीचा डाग आहे, पण ४० भरल्या.

मग जेवले.

काका, १४ ब्लँकेटचं ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, काकांना माझा नमस्कार सांग. आणि विचार, कोंबड्यांचं रजिस्टर होतं ते ठीक, पण त्या कोंबड्या ठाण्यावर असताना अंडी देत असतील, ती कोणत्या रजिस्टरला चढवायचे?